सदर विमान उडत नाही

माणसानं आयुष्यात निदान एक काम तरी बिनचूक करावं, असं माझं मत आहे. आमच्या घरात या मताला एकच मत पडतं. अपूर्वाचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की माणसानं निदान एक काम तरी पुरं करावं, बिनचूक नसलं तरी चालेल. या दोन मतांच्या मधल्या जागेत आमचा संसार उभा आहे. माझं विमान मात्र बाल्कनीत उभं होतं.

मी जुन्या प्रशिक्षण विमानांच्या छोट्या प्रतिकृती करतो. लढाऊ विमानांच्या नव्हे. त्यांचे लाड करणारे पुष्कळ आहेत. ज्या बिचाऱ्या विमानांनी नवशिक्यांचे धक्के खाल्ले, वेडीवाकडी उतरवली गेली तरी ब्र काढला नाही, त्यांची आठवण कुणी ठेवायची? मी उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि नव्यानं भरती होणाऱ्यांना दर वर्षी नट आणि बोल्ट यांतला फरक पहिल्यापासून शिकवतो. त्यामुळे या विमानांच्या भावना मला आतून कळतात.

गेल्या वर्षी मी टायगर मॉथ केलं होतं. त्याला एकावर एक असे दोन पंख आणि मधे तारांचं जाळं. पुण्यात हौशी मंडळींची एक संस्था दर डिसेंबरात अशा प्रतिकृतींचं प्रदर्शन भरवते. तिथल्या परीक्षकांनी खिशातून भिंग काढलं, बराच वेळ तारा मोजल्या आणि अत्यंत प्रेमळ आवाजात म्हणाले, "डाव्या बाजूची एक तार राहिली की हो तुमची." माझं विमान मागच्या टेबलावर, शाळकरी मुलांच्या विभागात, पुठ्ठ्याच्या हेलिकॉप्टरशेजारी गेलं. त्यानंतर परभणीहून माझा मेहुणा महिन्यातून एकदा फोन करून विचारायचा, "दाजी, तार सापडली का?" वर्षभर मी त्या घरी धड जेवलेलो नाही.

म्हणून यंदा एचटी-टू. आपल्याच देशात बनलेलं, पंख खालच्या अंगाला, आत एकामागे एक दोन खुर्च्या. एकीवर शिकणारा आणि दुसरीवर देव आठवणारा. प्रमाण एकास आठ. पंखांच्या फासळ्या बाल्सा लाकडाच्या, त्यावर कागद, आतून दोरे ओढले की शेपटीही हलते. अडलं ते रंगावर. मला पिवळा हवा होता. पिरंगुटच्या रंगाच्या दुकानदारानं विचारलं, "लिंबू, हळद, का शाळेची बस?" मी म्हणालो, "एचटी-टू." तो म्हणाला, "फोटो दाखवा." माझ्याकडचे सगळे फोटो कृष्णधवल होते. घरी आल्यावर अपूर्वा म्हणाली, "मग राखाडीच रंगवा ना, फोटोबरहुकूम होईल." या घरात संशोधनाला वातावरण नाही.

वरच्या खोलीत निषाद राहतो. हा जळगावचा, हिंजवडीत आयटीत. तो जिना उतरताना रोज थांबायचा. "काका, थ्रीडी प्रिंट मारा ना. दोन तासांचं काम आहे, एकदम परफेक्ट येईल."

"मग मी काय करू?"

"चिल करा."

आणि आमचे घरमालक गेणबामामा. ते संध्याकाळी पायरीवर बसून तंबाखू मळत माझ्या विमानाकडे बघायचे.

"उडंल का?"

"नाही, मामा."

"इंजान न्हाई?"

"नाही. पण बाकी सगळं तंतोतंत आहे."

"इंजान न्हाई, आन् तंतोतंत," असं स्वतःशीच म्हणून ते तंबाखू तोंडात टाकायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, जणू रात्रीत सुधारणा झाली असेल. साळूमामींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, विमानाकडे बघायचा दृष्टिकोन जास्त आपुलकीचा होता. "उन्हात रंग जाईल त्येचा, आत ठिवा," एवढंच त्या म्हणायच्या.

तर अशी सगळी सुखाची चाल असताना गेणबामामांनी जमीन विकली. म्हणजे विकायचा शब्द दिला. नांद्याला कुणाच्या तरी साखरपुड्याच्या पंगतीत एकनाथशेठनं त्यांच्या खांद्यावर हात टाकून चारचौघांत विचारलं, "गेणबा, ते घराखालचं खाचर घरासकट मला देतो का?" आणि मामांनी मान हलवली. एकनाथशेठ नांद्याचे. स्वतःची शेती तिथल्या इमारतींखाली गेल्यावर ते आता इतरांची घ्यायला निघाले होते. येत्या सोमवारी पौडला कागद व्हायचे होते.

घरासकट म्हणजे आमच्यासकट. अपूर्वा नव्या जागा बघायला लागली होती. सगळ्या जागा चांगल्या होत्या, पण बाल्कनी फक्त कपडे धुण्याच्या यंत्रापुरती होती. सकाळी दार उघडलं की समोर भाताचं खाचर, त्यापलीकडे डोंगर, हे पुन्हा कुठं मिळणार? मला तर रडूच यायचं. साळूमामी रडत नव्हत्या. त्यांनी मामांशी बोलणंच बंद केलं होतं. मामा समोर बसलेले असताना त्या बाल्कनीकडे तोंड करून म्हणायच्या, "अपूर्वा, ह्यास्नी सांग, च्या निवलाय." अपूर्वा वरून सांगायची, "मामा, चहा निवलाय." मामा चहा प्यायचे आणि म्हणायचे, "शबूद दिलाय. त्येला काय करू?" हे ते नेमकं कुणाला उद्देशून म्हणायचे, ते कळत नसे.

प्रदर्शनवाल्यांनी यंदा नवीन अट काढली, की प्रतिकृतीसोबत नैसर्गिक परिसरातला तिचा एक फोटो हवा. मला सपाट जागा हवी होती. खाचरातलं भात निघालं होतं, पण एकास आठ प्रमाणात कापलेल्या भाताची धसकटं म्हणजे कंबरभर उंचीची झुडपं होतात. कुठलाही शहाणा वैमानिक तिथं विमान उतरवणार नाही. कडेला मात्र साळूमामींनी झोडपणीसाठी खळं केलं होतं. ठोकून, शेणानं सारवून अगदी गुळगुळीत. मी मामांना विचारलं, "सोमवारआधी एकदा खळं वापरू का?"

"वापरा की. सोमवारपातुर आपलंच हाय," मामा म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

मी फक्की आणली, टेप लावून खळ्यावर दोन पांढऱ्या रेघा मारल्या, टोकाला उतरायच्या दिशेची खूण काढली. विमान ठेवलं. निषाद मोबाइल घेऊन पोटावर झोपला. इतक्यात साळूमामींची कोंबडी धावपट्टीवर आली. घरात ती साधी कोंबडी असेल, पण एकास आठ प्रमाणात तिची उंची दहा फुटांच्या वर जाते. मी तिला हाकलत होतो आणि ती दाणे टिपत पुन्हा विमानाच्या नाकाशी येत होती. शेवटी अपूर्वानं तिला टोपलीखाली झाकलं तेव्हा हवाई वाहतूक सुरळीत झाली.

फोटो मी मोठा करून करून बघितला. मागे डोंगर, कलतं ऊन, पांढऱ्या रेघा आणि मधे माझं पिवळं विमान. ते आठपट लहान आहे, हे माझ्या सख्ख्या आईला कळलं नसतं. निषाद म्हणाला, "काका, एकच नंबर." आणि त्यानं तो फोटो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'उरवडे विमानतळ. पहिलं लँडिंग.' पुढे एक हसरा चेहरा काढला. ज्यांनी ज्यांनी तो पुढं पाठवला, त्यांनी फोटो आणि मजकूर पाठवला. हसरा चेहरा मागंच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मोटारसायकली आल्या, दुपारी एक जीप. लोक खळ्यापाशी उभे राहून लांबवर हात करून काहीतरी ठरवत होते. एकानं खळं पावलांनी मोजलं आणि म्हणाला, "ही नुसती सुरवात असंल." संध्याकाळी पोलीस शिपाई आले.

"विमान कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो. हे वाक्य आयुष्यात कधी म्हणायला मिळेल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे जरा छाती फुगवूनच म्हणालो.

त्यांनी विमान पाहिलं, हसले, चहा घेतला. पण फोटो वरपर्यंत गेला होता आणि वरून विचारणा खाली आली होती. "तुम्ही असं करा, उद्या सुट्टी टाका आणि पौडला जाऊन लिहून द्या. आणि जाताना हे घेऊन जा, नाहीतर पुन्हा मलाच विचारतील ते केवढं आहे."

विमान एस.टी.त चढवणं हे उडवण्यापेक्षा अवघड असावं. पंख आडवे जाईनात, शेपटी दारात अडकली. कंडक्टर म्हणाले, "ह्याचं लगेज पडंल." मी म्हटलं, हे मांडीवर घेतो. ते म्हणाले, "मांडीवर मावतंय का बघा." मावलं नाही. एक पंख शेजारच्या बाईंच्या मांडीवर गेला. त्यांनी तो सांभाळून धरला, निरखून बघितला आणि कौतुकानं विचारलं, "रुखवतात ठेवायचंय का हो? आमच्या नणंदेच्या रुखवतात आगबोट होती. कापसाची."

"नाही," मी म्हणालो. "हे एचटी-टू आहे."

"असू द्या, छान केलंय," त्या म्हणाल्या. माझ्या वर्षभराच्या तपश्चर्येला कापसाच्या आगबोटीशेजारी बसवून त्या घोटवड्याच्या फाट्याला उतरून गेल्या.

पौडच्या तहसील कचेरीतल्या बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी विमान टेबलावर ठेवून घेतलं, फायली बाजूला केल्या आणि विचारलं, "उडतं?"

"नाही."

"मग काय प्रश्नच नाही. तसं लिहून द्या."

मी लिहिलं, 'सदर विमान उडत नाही.' त्यांनी वाचलं. "आणि पुढेही उडणार नाही, असं घाला. पुन्हा यायला नको तुम्हाला." मी लिहिलं. ज्या विमानाची शेपटी हलावी म्हणून मी नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून दोरे ओवले होते, त्याच्या भवितव्यावर मी स्वतःच्या सहीनं पाणी सोडत होतो. बाईंनी शिक्का मारून मला प्रत दिली आणि जाताना म्हणाल्या, "रंग छान आहे. हळदीचा ना?"

मी बाहेर पडलो तो असा: काखेत विमान, दुसऱ्या काखेत विमानाच्या नकाशांची गुंडाळी, खिशातून लोंबणारी टेप आणि हातात शिक्का मारलेला कागद. समोर चहाच्या टपरीवर एकनाथशेठ उभे. ते सोमवारच्या कागदांची चौकशी करायला आले होते.

"काय साहेब, झालं का काम?"

"झालं बुवा एकदाचं. शिक्का मिळाला."

"जागा कुठली म्हणायची?"

"मामांच्या घराखालचीच. तिच्याइतकी सपाट दुसरी आहे कुठं?"

यात एक अक्षर खोटं नव्हतं. एकनाथशेठनी चहाचा ग्लास खाली ठेवला. तो अर्धा भरलेला होता, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मी घरी पोचायच्या आत विमानतळ पोचला होता. वाटेत कुशाबा भेटले. हे मामांचे बांधाशेजारी. त्यांनी मला आडोशाला घेतलं. "सायेब, एक इनंती हाय. धावपट्टी जरा वरल्या अंगाला सरकवा. खाली माझी इहीर हाय."

"बाबा, कसला विमानतळ नि कसलं काय. माझं विमान आठपट लहान आहे."

कुशाबांनी विमानाकडे नीट बघितलं. "आज ल्हान हाय," ते म्हणाले.

दोन दिवस हेच चाललं. ज्यांची जमीन आसपास होती, ते धावपट्टी सरकवा म्हणत. ज्यांची लांब होती, ते आमच्याकडून न्या म्हणत. एकानं तर आपल्याकडे पाणी साचत नाही, विमानाचे पाय भिजणार नाहीत, अशी हमी दिली. मी प्रत्येकाला खरं सांगत होतो आणि प्रत्येक जण डोळा बारीक करून म्हणत होता, "बरोबर हाय, तुमाला सांगता येत नसंल."

शनिवारी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकनाथशेठ या बोंबेनं बिथरले तर मामांचा व्यवहार मोडेल. आणि तो माझ्यामुळे मोडेल. व्यवहार मोडावा असं मला रोज वाटत होतं, देवापुढे हात जोडतानाही वाटत होतं, पण ज्या माणसानं आपलं खळं विश्वासानं वापरायला दिलं, त्याचं नुकसान करून नव्हे. माझी झोप गेली. अपूर्वा म्हणाली, "जाऊन सगळं सांगून टाका. घर गेलं तर दुसरं बघू. मामांना तोंड दाखवता आलं पाहिजे." ती मला क्वचितच धीर देते, पण देते तेव्हा पक्का देते.

रविवारी संध्याकाळी मी शिक्क्याचा कागद घेऊन खाली उतरलो. अंगणात एकनाथशेठची गाडी उभी होती. मामा पायरीवर, शेठ खुर्चीवर, मामी दारात. मी कुणाला बोलूच दिलं नाही.

"एकनाथशेठ, विमानतळ वगैरे काही नाही. ते माझं हौसेचं विमान आहे. एकास आठ. लाकूड आणि कागद. खळ्यावर फोटो काढला, बाकी सगळी अफवा आहे."

शेठ समजुतीनं हसले. "साहेब, तुम्ही सरकारी माणसं, तुम्हाला असंच बोलायला लागतं."

"मी सरकारी नाही हो. स्टोअरमध्ये आहे."

"व्हय, स्टोअरमधी," शेठ म्हणाले आणि मामांकडे बघून एक भुवई वर केली.

माझा तोल गेला. मी कागद त्यांच्या हातात दिला. "हे वाचा. सरकारी शिक्का आहे. सदर विमान उडत नाही व पुढेही उडणार नाही."

शेठनी कागद दोनदा वाचला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि जपून घडी घालून परत दिला. "साहेब, लहानपणापासून मी ह्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवतोय. जे उडत न्हाई, त्याला कोण कशाला शिक्का मारील?"

मी कागद उलगडून शिक्का पुन्हा पाहिला.

शेठ मामांकडे वळले. "गेणबा, राग मानू नको. उद्या सरकार जमीन घेणार, आणि त्याच्यामागं हेलपाटे मी घालू? माझा सौदा मी मागं घेतो."

मामांनी मान खाली घातली. "चारचौघात शबूद दिलेला हाय, एकनाथ," ते अखेर म्हणाले, आणि आवाज इतका जड होता की मला जमिनीनं गिळावं असं वाटलं.

"चारचौघात मीच सांगतो ना, की मी मागं घेतला. तुझ्या शब्दाला बट्टा न्हाई."

"मंग तुझी मर्जी," मामा म्हणाले.

गाडी वळली, धूळ उडाली, वळणापलीकडे आवाज विरला. मी म्हणालो, "मामा, माझं चुकलं. मी उद्या नांद्याला जाऊन त्यांना पुन्हा समजावतो, विमान घेऊन जातो—"

"सायेब," मामा म्हणाले, "गप बसा."

त्यांनी टोपी काढली, तिनं तोंड पुसलं आणि खाचराकडे बघत लांब श्वास सोडला. खांदे एकदम खाली आले. "मला इकायचीच नव्हती. पंगतीत त्यानं इचारलं तवा तोंडात आख्खी जिलबी हुती. न्हाई म्हणाया तोंड उघडंना. नुसती मान हलली, ती कशी हलली मलाच ठावं न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता टाळ्या वाजल्यावर माणूस काय करणार?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. अपूर्वा बाल्कनीत होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि ती कठड्याला धरून हसत होती, मधेच डोळे पुसत होती. साळूमामी आत गेल्या आणि कप घेऊन बाहेर आल्या. तो त्यांनी थेट मामांच्या पुढं धरला.

"च्या घ्या. गरम हाय."

मामांनी चहा घेतला. त्या एका कपानं अंगणातलं सगळं मोकळं झालं. मला तर इतकं हलकं वाटलं की तार, परीक्षक, मेहुणा, सगळे पुसट झाले.

हे सुख फार टिकलं नाही. मी वर जाऊन चहा पिऊन परत येईतो साळूमामींनी माझं विमान खाली अंगणात मागवून घेतलं होतं, आणि निषादनं ते आनंदानं आणून दिलं होतं. पाटावर विमान. नाकावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. दोन्ही पंखांवर हळदीची बोटं. पंख्याला झेंडूची माळ आणि दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू. पंखांचा तो पिवळा मला तिसऱ्या डब्यात सापडला होता. शिवाय एकास आठ प्रमाणात लिंबू कलिंगडाएवढं होतं.

"नवी गाडी अशीच काढायची असती का?" मामींनी मला दटावलं आणि नारळ फोडला. पाणी पंखावर उडालं. "जमीन राखली तिनं माजी." त्यांनी विमानाला वाकून नमस्कार केला. मग मीही केला. मामा म्हणाले, "सायेब, पुसाल तर बघा."

मी पुसायला बसलो होतो, हे कबूल करतो. ओलं फडकंही घेतलं होतं. पण बिनचूकपणाचा विचार करू लागलो तर थांबलो. खरं एचटी-टू पहिल्यांदा शेडबाहेर काढलं असेल तेव्हा तिथली माणसं आपलीच होती ना? आपल्याकडे मिक्सर घरात आला तरी कुंकू लागतं. मग एवढं नवं कोरं विमान कोरडं कसं सोडलं असेल? नकाशात नसेल, पण नकाशा काढणाऱ्याला सांगितलंय कुणी? मी फडकं ठेवून दिलं. माळ सुकली, तेव्हा अपूर्वानं तिच्या जागी कागदी फुलांची, मापात बसणारी छोटी माळ केली. तिनं माझ्या कामाला हात लावायची ही पहिलीच वेळ.

प्रदर्शनात तेच परीक्षक, तेच भिंग. त्यांनी फासळ्या मोजल्या, चाकं बघितली, दोरा ओढून शेपटी हलवली. मग भिंग नाकावर आलं आणि तिथंच थांबलं. अपूर्वानं माझं मनगट घट्ट धरलं.

"हे काय?"

"कुंकू," मी म्हणालो. "साहेब, तुमची पहिली गाडी आली तेव्हा बिनकुंकवाची रस्त्यावर आणली होती का?"

परीक्षकांचं भिंग खिशात गेलं. "स्कूटर होती," ते हळूच म्हणाले. "आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. मला फार लाज वाटली होती तेव्हा." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझं विमान पुढच्या टेबलावर, अगदी दारासमोर ठेवायला सांगितलं. मी श्वास सोडला. जाता जाता ते पुन्हा वळले, विमानाकडे वाकून बघितलं आणि तशाच प्रेमळ आवाजात म्हणाले, "नारळ मात्र राहिला की हो तुमचा."

"राहिला नाही," अपूर्वा म्हणाली. "त्याच रात्री वड्या केल्या."